नवा वंश की जुन्याच झाडाची फांदी? १९५५ चा एक पेपर वाचताना

पेट झाली, मुलाखतीचं पत्र आलं, आणि आता सिनॉप्सिसमध्ये 'या विषयावर आजवर काम झालेलं नाही' हे वाक्य कुठे बसवायचं याचा विचार तुम्ही करत असाल, तर जरा थांबा. त्याआधी माझ्यासोबत एक जुना पेपर वाचा. जेमतेम अकरा पानांचा आहे. लिहिणारा माणूस साधासुधा नाही, पेपर निष्काळजीपणे लिहिलेला नाही, आणि तरीही त्याचा मुख्य दावा टिकला नाही. असे पेपर वाचायला सगळ्यात उपयोगी. भिकार पेपरमधली चूक कुणालाही दिसते. चांगल्या पेपरमधली चूक शोधायला डोळा तयार व्हावा लागतो.

आधी झाडाची ओळख. ब्रुगमान्सिया. निलगिरीकडे किंवा कुठल्याही थंड हवेच्या ठिकाणी बंगल्याच्या कुंपणाशी तुम्ही ते बघितलं असण्याची शक्यता आहे: पुरुषभर किंवा त्याहून उंच झुडूप, आणि त्यावर वीतभर लांबीची, भोंग्यासारखी, पांढरी-पिवळी-गुलाबी फुलं जमिनीकडे तोंड करून लटकलेली. संध्याकाळनंतर बऱ्याच जातींच्या फुलांना जबरदस्त वास सुटतो. बघणारा पटकन 'हा धोतराच की' म्हणतो आणि फारसा चुकत नाही. दोन्ही वांगं-बटाटा-मिरचीच्या कुळातले, सोलॅनेसी. दोघांत विषही तेच: स्कोपोलामिन, हायोसायमिन, ॲट्रोपिन. पण धोतरा वर्षभरात आटपणारं रोपटं, फूल वर तोंड केलेलं, फळ काटेरी. ब्रुगमान्सिया लाकूड धरणारं झुडूप, फूल खाली लोंबणारं, फळ गुळगुळीत आणि पिकल्यावर आपोआप न फुटणारं. हिचं मूळ घर दक्षिण अमेरिकेत. एक जात आग्नेय ब्राझीलची, बाकीच्यांचा मुलूख मुख्यतः अँडीज पर्वताचे उतार आणि त्यांच्या पायथ्याचा भाग. आपल्याकडे ती फक्त बागेतली पाहुणी.

(बागेत दिसली तर फोटो काढा, हात लावलात तर धुवा. झाडाचा रस लागलेलं बोट डोळ्याला लागलं आणि एकाच डोळ्याची बाहुली विस्फारली, मग डॉक्टरांना मेंदूच्या दुखण्याची शंका आली, असे प्रकार वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहेत. पोटात गेली तर तोंड कोरडं पडणं, ताप, धडधड, भ्रम, काय घडलं ते अजिबात न आठवणं, आणि मृत्यूसुद्धा. इंटरनेटवर हिचे 'अनुभव' सांगणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका.)

आता पेपर. लेखक रिचर्ड इव्हान्स शुल्टेस, हार्वर्ड. आधुनिक लोकवनस्पतिशास्त्राचे जनक म्हणून ज्यांचं नाव घेतात ते हेच. १९४१ पासून वर्षानुवर्षं कोलंबियात राहिलेले, हजारो नमुने गोळा केलेले. पेपरच्या शीर्षकाचं मराठी साधारण असं होईल: 'कोलंबियन अँडीजच्या ॲमेझॉनकडील उतारावरचा एक नवा नशिला वंश'. प्रसिद्ध झाला १९५५ मध्ये, हार्वर्डच्या वनस्पती संग्रहालयाच्या 'बोटॅनिकल म्युझियम लीफलेट्स'मध्ये. नव्या वंशाला त्यांनी नाव दिलं मेथिस्टिकोडेंड्रॉन, म्हणजे ग्रीकमध्ये 'झिंग आणणारं झाड'. जातीचं नाव अमेसियानम, आपले गुरू ओक्स एम्स यांच्यावरून. एम्स १९५० मध्ये वारले होते, आणि हे लीफलेट्स सुरू केलं होतं त्यांनीच.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. वर्गीकरणात जात म्हणजे स्पीशीज, आणि तिच्यावरची पायरी जीनस, म्हणजे वंश. (वर्तमानपत्रं दोन्हींसाठी सरसकट 'प्रजाती' छापतात, त्यामुळे बातमी वाचून नेमकं काय सापडलं तेच कळत नाही. तुमच्या प्रबंधात हा घोळ नको.) नवी जात सापडणं ही आनंदाची पण नेहमीची गोष्ट. नवा वंश हा मोठा दावा. वांगं आणि बटाटा दिसायला इतके वेगळे, तरी एकाच वंशात बसतात, यावरून अंदाज घ्या. शुल्टेस म्हणत होते की हे झाड ब्रुगमान्सियाच्या जवळचं खरं, पण तिच्यातलं नाही.

पुरावा काय? झाडाचं रूप. ब्रुगमान्सियाची पानं रुंद असतात, हिची लांब पट्टीसारखी अरुंद. ब्रुगमान्सियाचं फूल अखंड भोंगा, हिचं फूल वरून खोलवर चिरलेलं, जणू कुणी कात्रीने भोंग्याच्या पट्ट्या केल्यात. कोरडा नमुना समोर ठेवला तर ही ब्रुगमान्सिया आहे असं मानायला मन तयार होत नाही. वर्णन काळजीपूर्वक आहे, नमुने संग्रहात ठेवलेले आहेत, स्थानिक नावं आणि उपयोग नोंदवलेले आहेत. म्हणजे नंतर कुणालाही तपासता येईल अशी सगळी सोय लेखकाने स्वतःच करून ठेवली आहे. टीका करताना हे श्रेय आधी द्यायचं असतं, आणि ते मी मनापासून देतेय.

मग घोडं पेंड खातं कुठे? 'किती वेगळं दिसतं' या प्रश्नाचं उत्तर पेपर उत्तम देतो. 'वेगळं का दिसतं' हा प्रश्न मात्र पुरेसा ताणला जात नाही.

आपल्या अंगणातलंच उदाहरण घ्या. क्रोटन. एकाचं पान रुंद, एकाचं चिंचोळ्या पट्टीसारखं, एकाचं पिळलेलं, तर एकाचं मधेच तुटून शिरेवर लोंबणारं. वनस्पतिशास्त्र न शिकलेला माणूस चार वेगळी झाडं म्हणेल. सगळी एकाच जातीची वाणं आहेत. आता जास्वंद घ्या. साधी जास्वंद आणि ती झुंबरासारखी लोंबणारी, पाकळ्या कातरलेली जास्वंद. इथे मात्र दोन खरोखरच वेगळ्या जाती आहेत. म्हणजे पान अरुंद किंवा पाकळी चिरलेली, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. कधी तो फरक वरवरचा निघतो, कधी खोलवरचा. रूप हा पुरावा आहे, पण फरक कुठून आला ते कळेपर्यंत तो अपुरा पुरावा आहे.

आणि फरक कुठून आला असेल याचा धागा पेपरमध्येच होता. हे झाड सापडलं कुठे? शीर्षक वाचून वाटतं की अँडीजच्या उतारावरच्या जंगलात. प्रत्यक्षात ते एकाच खोऱ्यातलं, सिबुंदोय खोऱ्यातलं. कोलंबियाच्या दक्षिणेला पुतुमायो भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटरवर. तिथे कामसा आणि इंगा हे दोन आदिवासी समाज राहतात. आणि हे झाड त्यांच्या वैदूंच्या परसात उभं होतं. फांदी तोडून लावायची, तिचं झाड करायचं, त्याची फांदी पुढच्या माणसाला द्यायची, अशी ही लागवड.

हापूसच्या कलमाची गोष्ट ज्याला माहीत आहे त्याला इथे लगेच खटकायला हवं. फांदीवरून वाढवलेलं झाड म्हणजे मूळ झाडाची नक्कल. जंगलात एखादं विचित्र झाड उगवलं, त्याचं फूल चिरलेलं निघालं, परागीभवन करणारा पतंग तिथे धड बसेना, तर ते बी न धरता एका पिढीत संपून जाईल. तेच झाड एखाद्या जाणकाराच्या परसात उगवलं आणि त्याला ते कामाचं वाटलं, तर एक फांदी पुरते. पुढची शंभर वर्षं ते विचित्रपण जसंच्या तसं टिकेल. म्हणून लागवडीतल्या, छाटकलमाने वाढणाऱ्या, एकाच खोऱ्यात सापडणाऱ्या झाडाला नवा वंश म्हणण्याआधी पहिला संशय उत्परिवर्तनाचा यायला हवा. शीर्षकातल्या 'उतारा'ने हे परस झाकून टाकलं. शीर्षक खोटं नाही, कारण सिबुंदोय ॲमेझॉनकडच्या उतारावरच आहे. पण शीर्षक वाचून तुमच्या डोळ्यासमोर जे चित्र उभं राहतं ते खोटं. पेपर वाचताना 'नमुना नेमका कुठून आला' ही ओळ पेन्सिलीने अधोरेखित करायची सवय लावून घ्या. वनस्पतिशास्त्रातच असं नाही, समाजशास्त्राच्या सर्वेक्षणातही.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा पुरावा मात्र वेगळाच होता, आणि तो शुल्टेस यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवला होता. झाडाचं स्थानिक नाव. स्पॅनिशमध्ये 'कुलेब्रा बोर्राचेरा'. कुलेब्रा म्हणजे साप, बोर्राचेरा म्हणजे झिंग आणणारी. कामसा बोलीतल्या नावातही साप आहे आणि पुढे बोर्राचेरा आहेच. आता गंमत बघा. त्याच खोऱ्यात बाकीच्या ब्रुगमान्सियांनाही बोर्राचेराच म्हणतात. किंदे बोर्राचेरा म्हणजे हमिंगबर्डची, मुंचिरा म्हणजे सुरवंटाची, शिवाय बियांगान, बुयेस, सालामान अशी आणखी नावं. आपण 'आंबेमोहोर भात', 'कोलम भात' म्हणतो तसं. शेवटचा शब्द गट सांगतो, पहिला वाण सांगतो. म्हणजे ज्यांनी हे झाड लावलं, वाढवलं, ज्यांच्या आजोबांनी फांदी दिली होती, त्यांच्या मते हे ब्रुगमान्सियाचंच एक वाण होतं. नावातच वर्गीकरण होतं, आणि पुढे ते बरोबर ठरलं. शुल्टेस यांनी नाव टिपलं, पण ते पुरावा म्हणून वाचलं नाही. 'स्थानिक नाव' या रकान्यात ते गेलं आणि तिथेच राहिलं.

हे मला खरंच टोचतं, कारण आपणही हेच करतो. क्षेत्रकार्याच्या फॉर्ममध्ये 'स्थानिक नाव' असा एक रकाना असतो, तो भरतो, आणि विश्लेषणाच्या प्रकरणात त्याचा पुन्हा उल्लेखही नसतो. भाताच्या वाणांवर, भाकरीच्या ज्वारीवर, रानभाज्यांवर काम करणाऱ्यांनी विशेष लक्ष द्या. आजीने दोन भाज्यांना एकच नाव आणि पुढे वेगळं विशेषण दिलं असेल, तर तिने तुम्हाला एक गृहीतक दिलं आहे. ते नेहमीच बरोबर निघेल असं अजिबात नाही. लोकांची नावं कधी उपयोगावरून असतात, कधी नुसत्या रंगावरून. दोन अगदी परक्या झाडांना एकच नाव असल्याची उदाहरणं आपल्याकडे ढीगभर आहेत. मुद्दा ते तपासण्याचा आहे.

मग तपासलं कुणी? इथून गोष्ट तुमच्या-माझ्या जास्त जवळची होते.

१९६० मध्ये झाडाचं रसायन तपासलं गेलं. पाना-खोडांत सुमारे ०.३ टक्के अल्कलॉइड्स आणि त्यातलं सुमारे ८० टक्के स्कोपोलामिन. म्हणजे नव्या वंशात कुठलंही नवं द्रव्य नव्हतं, तेच जुनं ब्रुगमान्सियाचं विष. यावरून नातं सिद्ध होत नाही, कारण धोतऱ्यातही तेच द्रव्य आहे. पण 'हे काहीतरी निराळंच आहे' या समजाला धक्का बसतो. याच दशकात मेल्विन ब्रिस्टल नावाचा हार्वर्डचा डॉक्टरेटचा विद्यार्थी सिबुंदोयला जाऊन राहिला. १९६५ चा त्याचा प्रबंध खोऱ्यातल्या लोकांच्या वनस्पतीज्ञानावर आहे. त्याने या बोर्राचेरांची नावं, उपयोग, फरक सविस्तर गोळा केले, आणि नॉटिंगहॅमच्या इव्हान्स वगैरे रसायनशास्त्रज्ञांसोबत १९६९ मध्ये वाणांचं विश्लेषण प्रसिद्ध केलं. वेगवेगळ्या नावांच्या वाणांत अल्कलॉइडचं प्रमाण वेगवेगळं निघालं. 'हे जास्त जोरदार, ते सौम्य' असं जाणकार म्हणत होते त्यात तथ्य होतं, इतकं तरी यातून दिसतं. एकच नमुना उचलून आणणं आणि परसापरसांतून फिरून सगळी वाणं शेजारी-शेजारी ठेवणं, यातला फरक पाहायचा असेल तर १९५५ चा पेपर आणि ब्रिस्टल यांचं काम लागोपाठ वाचा. कुलेब्रा एकटी बघितली तर जगावेगळी दिसते. पान कुरतडल्यासारखी मुंचिरा आणि इतर वाकडी-तिकडी भावंडं शेजारी ठेवली की ती त्या पंगतीतलीच एक वाटायला लागते.

शेवटचा घाव घातला टॉम लॉकवुड यांनी. हेही हार्वर्डचेच, पीएचडी १९७३ ची, विषय ब्रुगमान्सियाचं वर्गीकरण. लॉकवुड फक्त वाळलेल्या नमुन्यांवर थांबले नाहीत. त्यांनी जिवंत झाडं वाढवली, आपसात संकर करून पाहिले, कोण कुणाशी जुळतं आणि कोण जुळत नाही ते तपासलं. रूपाचा प्रश्न त्यांनी प्रजननाच्या पातळीवर नेला. त्यांच्या मांडणीतून दोन गोष्टी झाल्या. एक, लिनियसने १७५३ मध्ये धोतऱ्याच्या वंशात टाकलेली ही झाडं स्वतंत्र वंशाची आहेत, म्हणजे पर्सून यांनी १८०५ मध्ये केलेला ब्रुगमान्सिया हा वंश बरोबर होता. तोवर शुल्टेस यांच्यासह बरेच जण या झाडांना 'डाट्युरा'च लिहीत होते. दुसरी गोष्ट, मेथिस्टिकोडेंड्रॉन हा वंश उरला नाही. कुलेब्रा आज ब्रुगमान्सियाचंच एक लागवडीतलं वाण मानली जाते. कुणी ती ऑरिया या जातीखाली घालतं, कुणी कॅन्डिडा या संकराखाली, पण वंशाबद्दल वाद नाही.

आता हे कुठे छापून आलं बघा. ब्रुगमान्सिया वेगळा वंश आहे हा लॉकवुड यांचा १९७३ चा लेख त्याच 'बोटॅनिकल म्युझियम लीफलेट्स'मध्ये आला, जिथे अठरा वर्षांपूर्वी शुल्टेस यांचा पेपर आला होता. त्याच संस्थेत, त्याच वर्तुळात, एका विद्यार्थ्याने ज्येष्ठांच्या मांडणीला छेद दिला आणि ते छापलंही गेलं. लॉकवुड १९७५ मध्ये मेक्सिकोत अपघातात गेले, फार लहान वयात. त्यांचं एक नाव, ब्रुगमान्सिया इन्सिग्निस, नंतर शुल्टेस यांनी प्रसिद्ध केलं. म्हणून त्या नावापुढे आजही लॉकवुड आणि शुल्टेस असे दोघेही लिहिले जातात. आणि पुढच्या लेखनात शुल्टेस यांनी 'ब्रुगमान्सिया' हे वंशनाम स्वीकारलं.

'पण सर, तुमच्या २०११ च्या पेपरमधला निष्कर्ष...' हे वाक्य किती प्रयोगशाळांत पूर्ण होतं? मुलाखतीआधी गाइड निवडताना तुम्ही त्यांचे पेपर, इम्पॅक्ट फॅक्टर, फेलोशिप सगळं बघता. त्यांच्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत गाइडच्या जुन्या निष्कर्षाला कुणी हात लावलाय का, हेही शोधगंगेवर जाऊन बघा. अर्ध्या तासाचं काम आहे.

आता माझी दुसरी तक्रार, आणि ती दुरुस्ती करणाऱ्या साहित्याबद्दल आहे. वंश रद्द झाला, ठीक. पण त्यानंतर या वाणांबद्दल जे लिहिलं गेलं त्यात 'विकृत रूपं', 'बहुधा विषाणूमुळे खुरटलेली', 'म्युटंट' असे शब्द वारंवार येतात. विषाणू असेलही, म्युटेशन तर आहेच. पण या शब्दांनी झाड अपघाताने घडलं एवढंच कळतं. ते टिकलं कसं? अपघात एका दिवसाचा, टिकवणं पिढ्यान्‌पिढ्यांचं. कुणीतरी दर वेळी फांदी निवडली, लावली, दुसऱ्या वाणात मिसळू न देता वेगळी ओळखली, नाव दिलं, कशासाठी वापरायची आणि कशासाठी नाही ते ठरवलं. तेही इतक्या विषारी झाडाबाबत, जिथे वाण ओळखण्यात चूक झाली तर माणूस दगावू शकतो. हापूसला कुणी 'विकृत आंबा' म्हणत नाही. आधी शुल्टेस यांनी परसातलं झाड निसर्गाच्या खात्यावर जमा केलं, नंतरच्यांनी ते रोगाच्या खात्यावर. कामसा-इंगा बागकारांच्या खात्यावर ते सहजासहजी कुणी मांडलं नाही.

हीच गोष्ट थोड्या वेगळ्या रूपात आजच्या संरक्षणाच्या चर्चेत येते. आययूसीएनच्या लाल यादीत ब्रुगमान्सियाच्या सातही जाती 'वन्य स्थितीत नामशेष' म्हणून नोंदल्या आहेत. माणसाच्या वस्तीपासून दूर, आपोआप बी पडून वाढणारी त्यांची लोकसंख्या सापडत नाही, असा त्यामागचा आधार. कारण म्हणून असंही सुचवलं जातं की ही फळं खाऊन बी पसरवणारे मोठे सस्तन प्राणी हिमयुगाच्या शेवटी नष्ट झाले. कल्पना आकर्षक आहे, व्याख्यानात टाळ्या घेईल अशी. पण ती कल्पना म्हणूनच वाचा. नष्ट झालेल्या प्राण्याला फळ खाऊ घालून बघता येत नाही. बी न धरण्याचं एक साधं कारण तर आपल्या हातात आधीच आहे. यातल्या बहुतेक जातींना स्वतःचा पराग चालत नाही, आणि गावभर एकाच फांदीची झाडं असतील तर शेजाऱ्याचा परागही स्वतःचाच. तेव्हा 'बी दिसत नाही' यावरून 'बी पसरवणारा मेला' इथवर उडी मारताना मधल्या दोन-तीन पायऱ्या आहेत, त्या चढायला हव्यात. शिवाय ब्राझीलची सुआव्हिओलेन्स ही जात परक्या देशांत ओढ्याकाठी स्वतःहून माजलेली आढळते, तुटलेल्या फांद्यांपासून. म्हणजे माणसाविना जगणं या वंशाला अगदीच अशक्य आहे असंही नाही. नोंद चुकीची आहे असा माझा दावा नाही. माझी हरकत इतकीच की 'वन्य स्थितीत नामशेष, लागवडीत शिल्लक' या वाक्यातला 'लागवडीत' हा शब्द फार सोयीचा आहे. तो वाचून युरोपातली काचेची हरितगृहं डोळ्यासमोर येतात. झाडांचं बरंचसं वैविध्य मात्र सिबुंदोयसारख्या खोऱ्यांतल्या परसांत आहे, आणि तिथली नवी पिढी फांदी लावायची थांबली तर कुलेब्रा जाईल. तिचं बी कुठल्या पेढीत ठेवून ती परत मिळणार नाही, कारण बियाण्यातून तेच वाण येण्याची खात्री नाही.

जाता जाता एक उलट उदाहरण. धोतरा-ब्रुगमान्सियाच्या गटात खरोखरचा नवा वंश सापडला, पण २०१८ मध्ये. ड्युपिन आणि स्मिथ या दोन संशोधकांनी बोलिव्हियाच्या कोरड्या डोंगराळ भागातलं एक लहान फुलांचं झुडूप, जे तोवर दुसऱ्याच वंशाच्या नावाखाली पडून होतं, डीएनएच्या आधाराने याच गटातलं ठरवलं आणि त्याला 'ट्रॉम्पेटिया' हे नाव दिलं. दिसायला अगदी बेताचं. कुलेब्रासमोर ठेवलं तर कुणी वळूनही बघणार नाही. दोन्ही पेपरांत 'नवा वंश' हेच शब्द आहेत, पण एकात दावा एका झाडाच्या रूपावर उभा आहे आणि दुसऱ्यात सगळ्या नातेवाइकांना शेजारी उभं करून काढलेल्या वंशवृक्षावर. दुसऱ्या पेपरची पद्धत १९५५ मध्ये उपलब्धच नव्हती, हे मान्य. पण संकर करून बघणं उपलब्ध होतं, परसातली भावंडं मोजणं उपलब्ध होतं, आणि 'तुम्ही याला बोर्राचेराच का म्हणता?' हे विचारणं तर नक्कीच उपलब्ध होतं.

हे सगळं स्वतः वाचायला बसलात तर डेटाबेसमध्ये दोन्ही नावं टाकून शोधा. मेथिस्टिकोडेंड्रॉन हे नाव आता फक्त समानार्थी नावांच्या यादीत उरलंय, पण १९६० चं ते रासायनिक काम त्याच नावाखाली आहे, आणि बराच काळ लोक 'डाट्युरा कॅन्डिडा' असंही लिहीत होते. नुसतं 'ब्रुगमान्सिया' टाकलंत तर ब्रिस्टल सुटतील. लॉकवुड यांचा १९७९ चा लेख, जो त्यांच्या पश्चात 'जर्नल ऑफ एथनोफार्माकॉलॉजी'त आला, तो मात्र आधी वाचा आणि १९५५ चा पेपर त्यानंतर. निकाल माहीत असताना जुना युक्तिवाद वाचला की तो नेमका कोणत्या वाक्याशी घसरला ते दिसतं. मला ते वाक्य शीर्षकातच दिसलं. तुम्हाला दुसरीकडे दिसलं तर कॉमेंटमध्ये लिहा, पानाच्या क्रमांकासकट.